घरसंसार : तीन रात्री समुद्रावर

मुले मार्गी लागली, नोकरीचे जोखड उतरले, आता आम्ही दोघांनीच कोठेतरी जाऊन यावे असे वाटते; परंतु कोठे जावे, अशी पृच्छा आपल्यापैकी अनेकांनी या सदराकडे केली आहे. तीर्थयात्रा झाल्या, थंड हवेची ठिकाणे झाली. साठी ओलांडलेल्या माणसांना समुद्रप्रवास झेपेल काय, असेही काहींनी विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर मी आजवर टाळीत आले, कारण मला स्वतःला त्याचा अनुभव नव्हता. गेल्या फेब्रुवारीत तो योग आला. आज त्याचीच हकीगत सांगते. तीत सल्ला थोडा आणि आमच्या घरचे उणेदुणे अधिक आहे, त्याबद्दल आपण क्षमा कराल अशी आशा आहे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. परंतु नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत आलो त्याला तेहतीस वर्षे झाली. यजमान एका मोठ्या कारखान्यात पत्र्याच्या कामाच्या विभागात होते. मुलगा लहान असताना रविवारी आम्ही मरीनाच्या वाळूवर जात असू. दीपगृहाजवळ उभे राहिले की दूर पाण्यात नांगर टाकून थांबलेली जहाजे दिसत. मुलगा ती मोजीत असे आणि 'आपण कधी बसायचे?' म्हणून विचारीत असे. 'एकदा बसू,' हे उत्तर त्याला आम्ही दोघांनीही इतक्या वेळा दिले की पुढे त्याने विचारणे सोडून दिले. आता तो पुण्यास आहे, त्याला स्वतःचा मुलगा आहे, आणि चेन्नईचे घर विकून आम्ही कायमचे त्याच्याकडे यावे असा त्याचा गेल्या दोन वर्षांचा आग्रह आहे. त्या आग्रहाचा या प्रवासाशी संबंध कसा आला ते पुढे येईलच.

अंदमानास जावयाचे एवढे ठरले, आणि लगेच विमान की जहाज यावर वाद सुरू झाला. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत तेथे पोहोचते. जहाजास साठ-पासष्ट तास लागतात. यजमान जहाजाच्या बाजूचे, मी विमानाच्या. माझ्या भीतीला कारण होते. माझे आजोळ रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या आजीने त्यानंतर पुन्हा कधी बोटीत पाऊल टाकले नाही, आणि घरातल्या कोणालाही पावसाळ्यात टाकू दिले नाही. यजमानांचे म्हणणे असे की बंगालच्या उपसागरालाही ऋतू असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ, मे महिनाही धोक्याचा. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गरीब गायीसारखा असतो. शेवटी मी जाताना जहाज आणि येताना विमान अशी तडजोड पदरात पाडून घेतली.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सागरसहल म्हटली की आजकाल डोळ्यांपुढे तरणतलाव, नाट्यगृह आणि मेजवान्या असलेले विलासी जहाज उभे राहते. तशी जहाजेही चेन्नईस येतात. ५ जून २०२३ रोजी अशाच एका जहाजाने येथून श्रीलंकेची वाट धरली. हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुराई या तीन बंदरांना भेट देऊन परतण्याचा तो कार्यक्रम होता. आम्ही गेलो ते जहाज त्या जातीचे नव्हे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून अंदमानास जी सरकारी प्रवासी जहाजे जातात ती बेटांवरील लोकांची नित्याची एसटी समजावी. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या, आणि सुटण्याची तारीख पुष्कळदा थोडेच दिवस आधी नक्की होते. तेव्हा ज्यांना रजेचे दिवस मोजून मिळतात त्यांनी या वाटेला जाऊ नये. वरच्या वर्गात दोघांची खोली मिळते. सर्वांत खाली 'बंक' म्हणून वर्ग असतो, तेथे एकावर एक फळ्या टाकलेल्या मोठ्या दालनात शेकडो माणसे असतात. कॉलेजातून सुटीसाठी घरी परतणारी मुले, चेन्नईच्या इस्पितळात उपचार घेऊन निघालेले रोगी, बांधकामावर जाणारे मजूर, लग्नाचे सामान घेऊन निघालेली कुटुंबे. आमच्यासारखे हौशे त्यांत थोडेच होते.

सायंकाळी जहाज धक्क्यावरून सुटले. चेन्नईत तेहतीस वर्षे राहूनही हे शहर समुद्राच्या बाजूने मी प्रथमच पाहत होते. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईचे बंदर पाहिले आहे त्यांना नवल वाटेल, परंतु मद्रासला निसर्गाने बंदर दिलेलेच नाही. किनारा सरळसोट, आणि त्यावर लाटांचा अखंड मारा. १६३९ साली इंग्रजांच्या कंपनीला येथे जागा मिळाली तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे जहाजे दूर समुद्रात उभी राहत आणि माणसे-माल मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर येई. या होड्यांना खिळा नसे. फळ्या काथ्याने एकमेकींस शिवलेल्या असत, म्हणजे लाटेचा तडाखा बसला की त्या फुटण्याऐवजी लवत. पुढे १८७५ नंतर दगडी भिंती घालून बंदर बांधण्यास घेतले. ते जेमतेम उभे राहिले तोच नोव्हेंबर १८८१ च्या वादळाने त्याची मोडतोड केली, आणि पुन्हा बांधावे लागले. त्या भिंतींच्या मधून आम्ही बाहेर पडलो. याच बंदरातून 'राजुला' नावाचे जहाज अनेक वर्षे पेनांग-सिंगापूरला जात असे, आणि नंतर 'चिदंबरम' जाई. ते फेब्रुवारी १९८५ मध्ये आग लागून निकामी झाले. यजमान मला हे सारे सांगत होते, मी दिवे लागत असलेला किनारा पाहत होते.

आता बोट लागण्याविषयी. ती पहिल्या रात्री मला लागली. आपले डोळे खोलीच्या स्थिर भिंती पाहतात आणि म्हणतात की आपण हललेलो नाही; कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव म्हणतो की आपण डोलत आहोत. मेंदूला कोणाचे खरे मानावे ते कळत नाही आणि पोट ढवळू लागते. यावर उपाय असा की खोलीत पडून न राहता बाहेर यावे आणि क्षितिजावर दृष्टी ठेवावी, म्हणजे डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर डोलणे कमी जाणवते. हे तिकीट काढताना लक्षात ठेवावे. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने मला बरे वाटले. गोळी घ्यावयाची असेल तर ती आपल्या डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. मी उलट्या सुरू झाल्यावर घेतली, ती अर्थातच पोटात राहिली नाही. जहाजावर डॉक्टर असतो, ही साठीच्या माणसांना धीर देणारी गोष्ट आहे.

सकाळी बरे वाटले. नाश्त्यानंतर भोंगा झाला. सात आखूड आणि एक लांब, ही संकटाची खूण. अर्थात ही केवळ तालीम होती. ध्वनिक्षेपकावरून एक बाई हिंदीत, तमिळमध्ये आणि बंगालीत सांगत होती की कोणत्या खोलीतील माणसांनी कोणत्या बाजूस जमावे. यजमानांनी भोंग्याचे आठही टाहो बोटांवर मोजले, लाइफ जॅकेट बिनचूक बांधले, आणि आमच्या बाजूच्या अगदी उलट बाजूस जाऊन उभे राहिले. खलाशाने त्यांना हाताला धरून आणले. मी मनात म्हटले, आयुष्यभर माझे ऐकले नाही, आता जहाजाचेही ऐकत नाहीत.

वाचकहो, येथे मला घरची गोष्ट सांगणे भाग आहे. गेली दोन वर्षे आमच्या घरात अबोला नव्हता, परंतु बोलणेही उरले नव्हते. दूध आले काय, विजेचे बिल भरले काय, एवढेच. मी काही महत्त्वाचे बोलावे आणि ह्यांनी भलतेच उत्तर द्यावे, किंवा उत्तरच देऊ नये. मुलाचा दूरध्वनी आला की दोन शब्द बोलून 'तूच बोल' म्हणून माझ्या हाती द्यावा. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी शेजारी बसलेल्या माणसाने उठू नये. निवृत्तीनंतर पुरुषांचे मन संसारातून उडते असे कोणी म्हणे, वय झाले असे कोणी म्हणे. मी त्याला बेपर्वाई म्हणत होते.

तो दिवस मात्र सुखाचा गेला. समुद्रावर काही घडत नाही, आणि तरीही पाहून कंटाळा येत नाही. पाण्याचा रंग मातकट हिरव्यावरून गडद निळ्यावर केव्हा गेला ते कळले नाही. उडते मासे जहाजाच्या नाकाडापासून थव्याने उठत आणि चांदीच्या खिळ्यांप्रमाणे पुन्हा पाण्यात शिरत. आमच्याजवळ वर्तमानपत्र नव्हते, आणि दूरध्वनी तर किनारा सुटताच मुका झाला होता. यजमानांनी वही काढून एक गणित मांडले. चेन्नई ते अंदमान सुमारे १,१९० किलोमीटर. साठ तासांत ते तोडावयाचे म्हणजे ताशी वीस किलोमीटर, आपल्या गावची सायकल थोडी जोरात मारावी एवढाच वेग. परंतु आपण पूर्वेस चाललो आहोत. चेन्नई सुमारे ८० पूर्व रेखांशावर, अंदमान ९३ च्या जवळ. एका अंशास सूर्याची चार मिनिटे. म्हणजे घड्याळाचा काटा न हलविता तेथे सूर्य जवळजवळ पन्नास मिनिटे आधी उगवणार, आणि वाटेत रोज अठरा-वीस मिनिटांनी आधी. 'उद्या साडेपाचलाच उठून पाहा,' ते म्हणाले. मी उठून पाहिले, आणि पूर्वेस तांबडे फुटू लागलेले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी त्यांनी मांडलेले हे बहुधा पहिलेच गणित, ज्याच्या शेवटी रुपये नव्हते.

परंतु त्या आदल्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळची गोष्ट राहिली. सूर्य नुकताच बुडाला होता. आम्ही दोघे कठड्याशी शेजारी शेजारी, तोंडे समुद्राकडे. इंजिनाची घरघर पायांतून जाणवत होती. पुण्याच्या प्रश्नावर बोलण्यास याहून चांगली वेळ मिळणार नाही असे मला वाटले. बरेच दिवस मनात घोळलेले एक वाक्य मी धीर करून म्हटले : 'मला पुण्याला जावेसे वाटते. नातू मोठा होण्याआधी.'

त्यावर ते म्हणाले, 'चहा? तो चारलाच संपला.'

मी काही न बोलता खोलीत निघून आले. रात्री जेवले नाही. त्यांनी दोनदा विचारले, मी बोट लागली आहे असे सांगितले.

तिसऱ्या रात्री उकडत होते म्हणून आम्ही पुन्हा वर गेलो. मागच्या बाजूस एक दिवा गेलेला होता, तेथे अंधार होता. ह्यांना पाण्यातील प्रकाश पाहावयाचा होता. जहाजाने ढवळलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव हिरवट निळे चमकतात ते. ते कठड्यावर वाकून पाहत होते, मी दोन पावले मागे. मी त्यांना काहीतरी विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. नाही. राग येण्याऐवजी माझ्या मनात अकस्मात एक विचार आला. दिवसा, तोंडाकडे तोंड करून मी जे जे बोलले त्याचे उत्तर त्यांनी नीट दिले होते. सूर्य बुडाल्यावर, समुद्राकडे पाहत बोललेले मात्र हुकले होते. मी तेथेच उभी राहून, आमच्या घरात अगदी कोणाचेही लक्ष वेधून घेईल असे वाक्य उच्चारले. 'घर विकून टाकू या,' असे मी म्हटले. ते पाण्याकडे पाहत राहिले.

मी खांद्यावर हात ठेवला आणि दिव्याखाली नेले. 'अहो, तुम्हाला ऐकू येत नाही काय?' एवढेच विचारले. माझ्या ओठांकडे ते पाहत होते, हे त्या वेळी मी प्रथम पाहिले.

दोन वर्षे झाली होती. कदाचित अधिकही, परंतु त्यांच्या ध्यानात आले त्याला दोन वर्षे. सांगितले का नाही असे मी विचारले. ते म्हणाले, 'अगं, मुलाला कळले असते तर त्याने एक दिवस आपल्याला तेथे राहू दिले नसते. बहिऱ्या म्हाताऱ्याला परक्या शहरात कसे ठेवू, म्हणाला असता.' चेन्नईला ह्यांचा मुलगा परके शहर म्हणतो, याचे त्यांना केवढे दुःख होते तेही मला त्या रात्रीच कळले. आम्ही बारा वाजेपर्यंत बोलत बसलो. मोठ्याने बोलावे लागत होते. शेजारच्या बाकावरील मजूर मुलाने आपले अंथरूण उचलून पलीकडे नेले.

सकाळी जमीन दिसली. हिरवी टेकाडे, त्यांच्या पायाशी पांढरी रेघ. या शहराचे पोर्ट ब्लेअर हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम करण्यात आले. बोलण्यात मात्र अजून दोन्ही ऐकू येतात. अंदमान-निकोबार मिळून लहानमोठी बेटे आणि खडक आठशेच्या वर आहेत, त्यांपैकी वस्ती तीस-एकतीसांवरच. आम्ही सहा दिवस होतो. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील राधानगरची वाळू पाहिली. तळाला काच बसविलेल्या होडीतून प्रवाळ पाहिले. ते दगडासारखे दिसले तरी जिवंत प्राण्यांचे घर असते. त्यावर पाय देऊ नये, आणि आठवण म्हणून तुकडा उचलून आणू नये. कायद्याने तो अपराध आहे. तेथील आदिवासींच्या राखीव प्रदेशाविषयीचे नियमही तितक्याच कसोशीने पाळावयाचे असतात. हे सारे वर्णन मासिकांतून आपण वाचलेले असणार, म्हणून लांबवीत नाही.

कारागृहाविषयी मात्र सांगितले पाहिजे. मराठी माणूस अंदमानास जातो तो प्रथम तेथे जातो, आणि आम्हीही गेलो. मधल्या मनोऱ्यापासून चक्राच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात इमारती होत्या. आज तीन उभ्या आहेत. १९७९ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले. रचना अशी की एका इमारतीतील कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे एका बंदिवानास दुसऱ्याचे तोंड दिसू नये. विनायकराव सावरकरांना आमच्याच मद्रास बंदरातून 'महाराजा' जहाजावर चढविले, आणि ४ जुलै १९११ रोजी ते येथे पोहोचले. त्यांचे वडील बंधू बाबाराव आधीच तेथे होते. एकाच भिंतीच्या आत असूनही दोघा भावांना दीर्घकाळ एकमेकांस भेटू दिले नव्हते. बंदिवान भिंतीवर ठोके देऊन एकमेकांशी बोलत.

आमच्याबरोबर जे मराठी कुटुंब होते त्यातील एका बाईने मला हळूच विचारले, 'त्यांच्या बायका कधी आल्या होत्या हो येथे?' आल्या होत्या. १९१९ साली, आठ वर्षांनी, धाकटे बंधू डॉ. नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई यांना भेटीची परवानगी मिळाली. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मात्र त्या भेटीस येऊ शकल्या नाहीत. त्याच वर्षी, भेटीच्या थोडेच महिने आधी, त्या वारल्या होत्या. नवऱ्याला ती बातमी तेथे भेटीच्या वेळी कळली. कोठडीच्या दारातील गजांना हात लावून ती बाई बराच वेळ उभी होती. मीही होते.

सायंकाळी अंगणात प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम असतो. अंगणातील जुना पिंपळ तुरुंगाची कथा सांगतो अशी कल्पना आहे. अंधार, लांबून येणारा आवाज, आणि ओठ हलविणारे कोणी नाही. ह्यांना त्यातील एक वाक्यही लागेना. एरव्ही ते गप्प बसून राहिले असते आणि बाहेर आल्यावर 'छान होते' म्हणाले असते. आज त्यांनी माझ्या बाजूला डावा कान केला. मी तासभर एकेक वाक्य त्यांच्या कानात सांगत होते. मागच्या रांगेतील गृहस्थांनी तीनदा शुक्‌शुक् केले. त्यांची मी येथे क्षमा मागते, तेव्हा मागण्यास सवड नव्हती.

परत आल्यावर आठवड्याच्या आत कानाची तपासणी झाली. त्या संबंधी डॉक्टरांनी जे सांगितले ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी कारखान्यात, छापखान्यात, मागावर किंवा पिठाच्या गिरणीत आयुष्य काढलेली माणसे आहेत त्यांनी नीट वाचावे. सतत ८५ डेसिबलच्या वर आवाजात रोज आठ तास काम केले तर कानाच्या आतील नाजूक केसांसारख्या पेशी हळूहळू मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते उंच स्वर, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे. माणसाला भोंगा ऐकू येतो, मालमोटार ऐकू येते, म्हणून आपण बहिरे झालो असे त्याला वाटत नाही. परंतु स, श, ख, फ, थ ही व्यंजने त्याच उंच स्वरांत राहतात. सात, हात, खात हे तिन्ही शब्द त्याला एकच वाटतात. मूल किंवा बाईमाणूस बोलले की आवाज येतो, शब्द येत नाहीत. गडबडीत तर काहीच कळत नाही. मग तो अंदाजाने उत्तरे देतो, आणि अंदाज चुकू लागले की बोलणेच कमी करतो. ध्वनिक्षेपकावरील बाई आणि सायंकाळचा चहा यांचा उलगडा मला तेथे डॉक्टरांच्या खोलीत झाला.

गेलेले ऐकणे परत येत नाही; परंतु यंत्राने पुष्कळ काम भागते. ह्यांच्या दोन्ही कानांना ते बसविले. पहिले काही आठवडे त्रासाचे असतात, आणि पुष्कळ माणसे त्या दिवसांतच यंत्र पेटीत ठेवून देतात. ह्यांनाही तो मोह झाला. भांड्यांचा आवाज असह्य होतो म्हणाले. वर्तमानपत्राचे पान उलटताना एवढा आवाज होतो हे आपण विसरलोच होतो म्हणाले. मोरीतल्या नळाचे टपटपणे त्यांनी पहिल्याच रात्री शोधून काढले आणि सकाळी चामडी बदलली. मी दोन वर्षे सांगत होते.

मुलाला सारे कळविले. तो लगेच यावयास निघाला होता, त्यास थोपविले. दूरध्वनीवर वडील त्याच्याशी पंधरा मिनिटे बोलले, तेव्हा पलीकडून तो काही वेळ गप्पच होता असे हे सांगतात.

नंतर एका सायंकाळी, चहा झाल्यावर, मी जहाजावरील ते वाक्य पुन्हा म्हटले. समोर बसून, परंतु आवाज न चढविता. मला पुण्याला जावेसे वाटते, नातू मोठा होण्याआधी. ह्यांनी ते ऐकले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'किती दिवसांसाठी?'

कायमचे, असे मी म्हटले नाही. घर विकावे, असेही नाही. ते वर्षातून दोन महिने म्हणतात, मी सहा म्हणते. आणि चेन्नईचे घर बंद ठेवले तर कुंडीतल्या तुळशीला पाणी कोण घालणार, हा त्यांचा मुद्दा आहे, तो मला अजून खोडता आलेला नाही. सध्या रोज सायंकाळी यावर अर्धा तास बोलणे होते. उन्हाळ्याच्या सुटीत नातू येणार आहे, तोपर्यंत ठरवावयाचे असे ठरले आहे.